देवळालीत पाणी ९८ अंशांवर उकळते

इंग्रजी शब्दकोशात देवळालीचे नाव आहे. तेही गावाचे नाव म्हणून नाही, तर विशेषण म्हणून. एखाद्याचे डोके फिरले की इंग्रज लोक म्हणतात, हा 'डूलॅली' झाला. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे सैनिक जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत थांबत. जहाजे हिवाळ्यातच सुटत. ज्याचे जहाज चुकले, तो पुढचा उन्हाळा, पावसाळा इथेच काढी. हाताला काम नाही, वर ऊन, त्यातून कुणी तापाने फणफणले, कुणी दारूच्या आहारी गेले, कुणाचे मन थाऱ्यावर राहिले नाही. त्यावरून 'डूलॅली टॅप' हा शब्द निघाला. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. मराठीत ताप, हिंदुस्थानीतही ताप. इंग्रजांनी गाव आणि आजार दोन्ही एकाच शब्दात बांधून नेले.

गंमत म्हणजे ज्या गावाचे नाव इंग्रजांनी तापाला जोडले, त्याच गावात मुंबईची माणसे पुढे हवा खाऊन बरे व्हायला येऊ लागली. एकाच हवेबद्दल दोन मते. मग खरे काय, ते मोजून पाहायला हवे. नाताळच्या सुटीत आम्ही तिघे शिक्षक देवळाली कॅम्पला गेलो ते यासाठीच. आमच्यात विज्ञानाच्या एक बाई, गणिताचे एक सर आणि उर्दू-मराठी शिकवणारे आम्ही. सातवी-आठवीच्या मुलांची सहल कुठे न्यावी, असा प्रश्न होता. सहल म्हटली की बस, खाऊ, फोटो आणि परत. ह्या वेळी सहलीतून विज्ञानाचे चार धडे व्हावेत, असे ठरले होते. म्हणून पिशवीत डबा होताच, शिवाय प्रयोगशाळेचे दोन थर्मामीटर, एक मीटर लांबीची काठी, सुतळी, ओळंबा, मोजपट्टी आणि एक स्टीलची थाळी होती.

स्टेशनचा पिवळा फलक

नाशिकरोडहून कॅम्पात जायला लॅम रोड आहे. विहितगाव मागे पडले की रस्त्याकडेला जुनी झाडे, बसके बंगले आणि लांबरुंद आवारे दिसू लागतात. आम्ही मात्र सुरुवात देवळाली स्टेशनापासून केली. मुंबईहून येणारी गाडी इगतपुरी, घोटी, लहवित करत देवळालीला येते आणि पुढचे स्टेशन नाशिकरोड.

रेल्वे स्टेशनच्या टोकाला पिवळा फलक असतो. त्यावर गावाचे नाव आपण सगळेच वाचतो. नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती फारच थोडे वाचतात. भूगोल आणि विज्ञान या दोन्ही विषयांचे हे फुकटचे साधन आहे. मुंबईहून येताना मुलांनी प्रत्येक स्टेशनचा आकडा वहीत उतरवला, तर कसारा घाटात गाडी किती चढली याचा आलेख त्यांचा त्यांनाच काढता येतो. कसाऱ्याला मागून जादा इंजिन का लावतात, हे मग सांगावे लागत नाही.

देवळाली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचावर आहे. इतक्या उंचीवर डोक्यावरच्या हवेचा थर थोडा कमी होतो, हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने शेकडा सहा-सात इतका कमी भरतो. दाब कमी झाला की पाणी लवकर उकळते. दर ३०० मीटरला साधारण एक अंश, असा ढोबळ हिशेब. म्हणजे इथे पाणी १०० अंशांवर नाही, सुमारे ९८ अंश सेल्सिअसवर उकळते.

कॅम्पात ओळखीच्या एका घरी आम्ही हे करून पाहिले. घरच्या अम्मी आधी हसल्या. म्हणाल्या, "चहाचं पाणी मोजायला तीन तीन मास्तर!" मग त्यांनीच पातेले पुढे केले. पाणी खळखळ उकळू लागले, बाईंनी थर्मामीटरचा फुगा तळाला लागणार नाही असा धरला. पारा ९८ च्या जवळ जाऊन थांबला. गॅस मोठा केला तरी तो वर जाईना. बुडबुडे वाढले, वाफ वाढली, आकडा तोच.

घरातला आठवीतला मुलगा म्हणाला, "सर, तुमचं थर्मामीटर बिघडलंय. पुस्तकात १०० आहे."

आमच्या सगळ्या सहलीचे काम ह्या एका वाक्यात होते. मुलाने डोळ्याने ९८ पाहिले आणि ठरवले की चूक डोळ्याची किंवा उपकरणाची असणार, पुस्तकाची असूच शकत नाही. वर्गातही हेच होते. प्रयोगवहीत निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. मूल ९८ पाहते, १०० लिहिते आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. जे मूल इमानदारीने ९८ लिहिते, त्याच्या आकड्याखाली लाल रेघ येते. दहावीपर्यंत अशा पन्नास वह्या भरल्या की मुलाच्या मनात एक गोष्ट पक्की बसते: विज्ञान म्हणजे पाहायचे एक आणि लिहायचे दुसरे.

बाईंनी त्या मुलाला वाद घालून उत्तर दिले नाही. शेजारच्या दुकानातून बर्फ मागवला, तो कुटून थोड्या पाण्यात घातला आणि तोच थर्मामीटर त्यात बुडवला. दोन-तीन मिनिटांत आकडा शून्यावर आला. बर्फ वितळण्याचे तापमान इतक्या उंचीने जाणवण्याइतके बदलत नाही. म्हणजे उपकरण ठीक आहे. मग पाणी ९८ वर का उकळले? आता प्रश्न त्या मुलाचा झाला. पुस्तकही खोटे नाही, फक्त त्यातला आकडा समुद्रकाठच्या हवेच्या दाबाचा आहे. ती अट आपण वाचत नाही.

मग अम्मींनीच पुढचे सांगितले. डाळ कुकरशिवाय शिजवायची तर इथे वेळ लागतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, म्हणून तीच डाळ चार शिट्ट्यांत होते. एकाच स्वयंपाकघरात दाब कमी केल्याचा आणि वाढवल्याचा असे दोन्ही धडे मिळाले. दोन सूचना मात्र लक्षात ठेवाव्यात. ताप मोजायचा डॉक्टरी थर्मामीटर उकळत्या पाण्यात कधीही घालू नये, तो फुटतो. आणि गॅसजवळचा प्रयोग मोठ्या माणसाच्या हातानेच व्हावा.

हवा खायला आलेली माणसे

दुपारच्या आत आम्ही जुन्या आरोग्यभवनांच्या बाजूने फिरलो. देवळालीत पारशी, गुजराती आणि मुंबईच्या इतर समाजांनी आपापल्या लोकांसाठी अशी ठिकाणे उभारली. लांब व्हरांडे, उंच छत, मोठ्या खिडक्या. १९२५ साली सुरू झालेली बार्न्स स्कूल ही निवासी शाळाही ह्याच गावात आहे.

हे सारे का घडले, हा इतिहासाइतकाच विज्ञानाचा प्रश्न. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखवला, पण त्यावर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडले. मधली साठ वर्षे डॉक्टरांच्या हातात मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न याखेरीज फारसे काही नव्हते. म्हणून ज्यांना परवडे ते मुंबईच्या दमट, दाट वस्तीतून देवळालीसारख्या कोरड्या गावी येत. कोरड्या हवेने क्षय बरा होत नसे, पण मोकळ्या जागेत एकाचा जंतू दुसऱ्याला लागण्याचा धोका कमी होई आणि शरीराला झुंजायला बळ मिळे. आज औषध आहे, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि ते पूर्ण मुदत घेतलेच पाहिजे. सहलीतल्या मुलांना हेही ह्या व्हरांड्यांसमोर सांगावे, ते लक्षात राहते.

हवा कोरडी आहे हे नुसते ऐकून का मानायचे? आम्ही दोन थर्मामीटर शेजारी टांगले. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळली आणि वहीने वारा घातला. ओल्या थर्मामीटरचा आकडा भराभर उतरला. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, म्हणून ओला फुगा गार होतो. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त आणि दोन आकड्यांमधला फरक मोठा. हेच साधन हवामान खात्याच्या वेधशाळेत आर्द्रता मोजायला वापरतात.

घरात ह्याच नियमावर चालणारी वस्तू म्हणजे माठ. एप्रिलमध्ये देवळालीच्या माठातले पाणी दात शिवशिवतील इतके गार होते. तोच माठ रत्नागिरीला समुद्राकाठी नेला तर पाणी जेमतेम गार. कोकणात दिलेल्या बहिणी सुटीत माहेरी आल्या की म्हणतात, "इथलं पाणीच वेगळं!" पाणी वेगळे नाही, हवा वेगळी. मुलांना विचारावे: ओला रुमाल इथे किती मिनिटांत वाळतो आणि तेवढाच रुमाल खालाच्या गावी किती मिनिटांत? दोन फोन केले की प्रयोग झाला.

व्हरांड्याबाहेरच्या झाडाखाली आणखी एक गोष्ट दिसली. पानांतल्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण जमिनीवर पडलेले उन्हाचे ठिपके गोल. का? कारण तो प्रत्येक ठिपका फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असतो. लहान छिद्रातून प्रकाश गेला की पलीकडे वस्तूचे उलटे चित्र उमटते. अकराव्या शतकात कैरोत राहून इब्न अल-हैथमने प्रकाशावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि ग्रहणात सूर्याची कोर छिद्रातून कशी उमटते यावर वेगळा प्रबंधही लिहिला. आपल्या घरांत त्याचे नाव अभिमानाने घेतात. नाव घेण्याबरोबर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून मुलांना सूर्याची प्रतिमा कागदावर दाखवली, तर तो अभिमान कामी लागेल. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, ही ताकीद आधी द्यावी.

तोफांचे गाव

देवळाली म्हटले की तोफखाना. भारतीय लष्कराचे तोफखान्याचे विद्यालय इथे आहे. सराव चालू असला की घुमणारा आवाज गावात येतो, तावदाने थरथरतात, आणि इथली पोरे खेळ न थांबवता सांगतात, "फायरिंग आहे."

मुलांना साहजिकच तिकडे जावेसे वाटते. शिक्षकांनी इथे कडक असावे. सरावाच्या क्षेत्रात पाऊल टाकू नये, लष्करी आवाराचे फोटो काढू नयेत, आणि रानात पडलेला धातूचा कसलाही तुकडा उचलू नये. तो जिवंत असू शकतो.

पण आवाज मोजायला तोफ लागत नाही, थाळी पुरते. मोकळ्या मैदानावर आम्ही हा खेळ केला. सरांनी दर सेकंदाला दोन ठोके या ठेक्याने थाळी वाजवायला घेतली. ठेका धरायला मोबाइलवरचे टिकटिक करणारे घड्याळ चालते. आम्ही त्यांच्याकडे पाहत मागे मागे जात राहिलो. जवळ असताना हात पडतो तेव्हाच आवाज येतो. पन्नास मीटरवर आवाज किंचित मागे पडतो. आणखी मागे गेल्यावर हात वर असताना आवाज येतो. असे जात जात एका जागी हात आणि आवाज पुन्हा जुळतात. आता ऐकू येणारा आवाज आधीच्या ठोक्याचा असतो. म्हणजे आवाजाला आपल्यापर्यंत यायला बरोबर अर्धा सेकंद लागला. ते अंतर पावलांनी आणि मग सुतळीने मोजायचे. ते सुमारे १७० मीटर भरायला हवे. दुप्पट केले की आवाजाचा वेग: सेकंदाला सुमारे ३४० मीटर.

इथेही पुस्तकातला आकडा एकच नाही. शून्य अंश तापमानाला वेग ३३१ मीटर, आणि दर अंशाला तो ०.६ मीटरने वाढतो. म्हणून डिसेंबरच्या सकाळी मोजलेला आणि मेच्या दुपारी मोजलेला वेग सारखा येणार नाही. मुलांचे आकडे ३२० ते ३६० च्या दरम्यान पसरले तरी सगळे फळ्यावर लिहावेत आणि सरासरी काढावी. पावसाळ्यात हाच हिशेब उलटा करता येतो. वीज चमकल्यावर सेकंद मोजायचे, तिनाने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते.

मशिदीच्या भिंतीवरचे वेळापत्रक

जोहरच्या नमाजाला आम्ही कॅम्पातल्या मशिदीत गेलो. आपल्या प्रत्येक मशिदीत भिंतीवर वर्षभराच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो. विज्ञान शिक्षकाला ह्याहून चांगला तक्ता विकत मिळणार नाही. त्यात ३६५ दिवसांचा सूर्योदय आहे, सूर्यास्त आहे, जवालची वेळ आहे, आणि तो आपल्या गावासाठी काढलेला आहे.

जवाल म्हणजे सूर्य माथ्यावरून कलण्याची वेळ. मुले म्हणतात, दुपारचे बारा. तक्ता म्हणतो, साडेबाराच्या पुढे. हा अर्धा-पाऊण तास कुठून आला? आपली घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर चालतात, ती रेघ अलाहाबादजवळून जाते. देवळाली त्याच्या पश्चिमेला, ७४ रेखांशाच्या थोडी अलीकडे आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे इथे सूर्य जवळपास ३५ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. पृथ्वीच्या फिरण्यातल्या कमीजास्तपणामुळे वर्षभरात ही वेळ आणखी थोडी पुढेमागे होते.

आम्ही आधीच मैदानात काठी उभी केली होती, ओळंब्याने सरळ केलेली. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण केली. सर्वांत आखूड सावली १२:३५ च्या सुमारास पडली, १०० सेंटिमीटर काठीची ९४ सेंटिमीटर. ती नेमकी उत्तरेकडे पडते, त्यामुळे होकायंत्राशिवाय दिशाही मिळते.

असरची वेळही सावलीवरच ठरते. जवालच्या सावलीत काठीची एक लांबी मिळवली की शाफई पंथाप्रमाणे असर सुरू होतो, दोन लांबी मिळवल्या की हनफी पंथाप्रमाणे. म्हणजे आमच्या काठीची सावली १९४ सेंटिमीटर झाली तेव्हा एक वेळ, २९४ झाली तेव्हा दुसरी. डिसेंबरअखेर देवळालीत पहिली वेळ पावणेचारच्या जरा आधी येते, दुसरी साडेचारच्या जरा आधी. आपल्याकडे घाटावर बहुतेक घरे हनफी, कोकणात बहुतेक शाफई. दोन्हीकडच्या मुलांनी आपापला तक्ता सावलीशी ताडून पाहावा. भूमितीतले समरूप त्रिकोण ह्याहून जवळचे उदाहरण मागत नाहीत.

किब्ल्याचेही असेच. मक्का आपल्या पश्चिमेला हे सर्वांना ठाऊक आहे, पण देवळालीहून ती नेमकी पश्चिमेला नसून उत्तरेकडे सुमारे नऊ अंश झुकलेली आहे. वर्षातून दोनदा सूर्य मक्केच्या बरोबर माथ्यावर येतो. २८ मेच्या आसपास आपल्याकडे दुपारी २:४८ वाजता आणि १६ जुलैच्या आसपास २:५७ वाजता. त्या क्षणी उभ्या काठीची सावली किब्ल्याच्या बरोबर उलट दिशेला पडते. जुलैत ढग असतात, मेमध्ये शाळेला सुटी असते. तेव्हा हा प्रयोग सुटीतला, घरच्या गच्चीवरचा.

रत्नागिरीची दुसरी काठी

आता ह्या सहलीतला सर्वांत मोठा प्रयोग. देवळाली आणि रत्नागिरी ही दोन्ही ठिकाणे जवळपास एकाच रेखांशावर आहेत, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. दोघांमधले सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३२५ किलोमीटर. आमच्या बाईंची धाकटी बहीण रत्नागिरीजवळ राहते. तिने त्याच दुपारी अंगणात तेवढीच काठी उभी केली आणि सर्वांत आखूड सावली मोजून फोनवर कळवली: ८५ सेंटिमीटर.

सूर्य तोच, काठी तेवढीच, तरी सावलीत नऊ सेंटिमीटरचा फरक. जमीन सपाट असती तर इतक्या दूरच्या सूर्याने दोन्हीकडे सारखीच सावली दिली असती. फरक पडला, कारण जमीन वाकलेली आहे. किती वाकलेली? कागदावर दोन काटकोन त्रिकोण काढायचे. एकात उभी बाजू १० सेंटिमीटर आणि आडवी ९.४, दुसऱ्यात १० आणि ८.५. वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजायचा. आम्हाला ४३ आणि ४० अंश मिळाले. फरक तीन अंश. तीन अंशांना ३२५ किलोमीटर, तर ३६० अंशांना? ३९,००० किलोमीटर. पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. दोन काठ्या आणि एक फोन, एवढ्या भांडवलावर सातवीचे मूल पृथ्वी मोजू शकते.

कोन मोजताना एका अंशाची गफलत झाली तर उत्तर दहा-वीस हजार किलोमीटरने बदलते. हेही मुलांनी पाहावे. म्हणून दहा मुलांनी दहा त्रिकोण काढावेत आणि सरासरी घ्यावी. मोजमापात फरक येतोच. तो किती येऊ शकतो हे मूल स्वतः सांगू लागले की मापनाचा धडा झाला.

ही रीत जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये अशीच सावली मोजली. नवव्या शतकात बगदादच्या खलीफा मामूनने आपले खगोलशास्त्रज्ञ सिंजारच्या मैदानात पाठवले. आकाशातली उंची एक अंशाने बदलेपर्यंत ते जमिनीवर सरळ अंतर मोजत गेले आणि एका अंशाला सुमारे ५६⅔ अरबी मैल हा आकडा घेऊन परतले. पुढे अल-बिरूनीने आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकते ते पाहून पृथ्वीची त्रिज्या काढली. त्यांच्याकडे ग्रीकांचे आकडे लिहिलेले होते. तरी ते उन्हात जाऊन पुन्हा मोजत राहिले.

शब्दांचा पूल

परतीच्या वाटेवर आम्ही मुलांच्या वहीचा आराखडा ठरवला, आणि इथे आमचा, म्हणजे भाषेच्या शिक्षकांचा, विषय आला. बालभारतीची विज्ञानाची पुस्तके उर्दूतही निघतात. उर्दू माध्यमातले मूल 'तबखीर' शिकते, शेजारच्या मराठी शाळेतले 'बाष्पीभवन', आणि अकरावीला दोघांसमोर अचानक 'इव्हॅपोरेशन' येते. 'नुक्ता-ए-जोश' म्हणजेच उत्कलनांक, म्हणजेच बॉयलिंग पॉइंट. 'कसाफत' म्हणजे घनता, 'इनइकास' म्हणजे परावर्तन, 'जियाई तालीफ' म्हणजे प्रकाशसंश्लेषण. हुशार मुलेही, विशेषतः मुली, अकरावीला विज्ञान सोडतात तेव्हा अनेकदा विषय अवघड नसतो, शब्द अनोळखी असतात.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने आखावेत: उर्दू, मराठी, इंग्रजी. पाचवीपासून दर धड्याचे पाच-सहा शब्द त्यात भरत गेले, तर दहावीपर्यंत मुलाचा स्वतःचा शब्दकोश तयार होतो. शब्द अनुभवाला चिकटलेला असावा. माठाला हात लावून शिकलेली 'तबखीर' कुठल्याही भाषेत ओळखू येते. इंग्रजी शब्दांचेही भय कमी करता येते. माथ्यावरच्या बिंदूला इंग्रजीत 'झेनिथ' म्हणतात, तो अरबीतल्या 'समत' वरून आला. 'अल्कली' हा तर उघडउघड 'अल-कली' आहे. हे शब्द आपल्याच गल्लीतून जाऊन परत आलेले आहेत.

साधने कुठे मिळतात

प्रयोगशाळेचे कपाट नाही म्हणून विज्ञान शिकवता येत नाही, ही सबब आपल्या देशात पन्नास वर्षांपूर्वीच खोडली गेली. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ ग्रामीण शाळांत करून शिकण्याचा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. तिथल्या परीक्षेत पुस्तक उघडे ठेवता येई आणि प्रयोग करून दाखवावा लागे. त्याच कामातून अरविंद गुप्ता यांची काडेपेटीच्या काड्यांची, टाकाऊ वस्तूंची खेळणी पुढे आली. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत आणि इंटरनेटवर मोफत मिळतात. मुंबईतले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून शिक्षकांसाठी काम करते, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञान पोहोचवते. शाळेने एकदा ह्यांच्याशी संपर्क करावा.

पण आमच्या यादीत पहिले साधन वेगळे लिहिले आहे. प्रयोगवहीत प्रत्येक आकड्यासाठी दोन रकाने हवेत: 'पुस्तकातला' आणि 'मी पाहिलेला'. तिसरा रकाना, 'फरक का?' आणि गुण तिसऱ्या रकान्याला. दुसऱ्या रकान्यात ९८ लिहिणाऱ्या मुलीला गुण कापले जाण्याची भीती वाटू नये, एवढे आश्वासन शिक्षकाने पहिल्या दिवशी द्यावे. त्याला पैसे लागत नाहीत, मंजुरी लागत नाही. आपण घरी मुलांना खरे बोलायला शिकवतो. शाळेत खरे लिहायलाही जागा हवी.

पालकांनाही एक विनंती. तुमच्या गावची उंची शोधा, पाणी उकळून पाहा, मशिदीच्या तक्त्यावरची जवालची वेळ सावलीशी ताडा. कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात जिथे जिथे आपले पाहुणे असतील तिथल्या मुलांना तेच करायला सांगा आणि आकडे एकमेकांना कळवा. आमच्या शाळेची सहल पुढच्या हिवाळ्यात, इन्शाअल्लाह, देवळालीला जाईल. बावीस डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास तिथे चाळीस काठ्या उभ्या असतील. रत्नागिरीकडे, सावंतवाडीकडे त्याच वेळी काठी धरायला मुले हवी आहेत.